समजलं नाही, हे सांगण्याची सोय

स्टीलचा पेला, एक. चमचा, एक. जडवस्तू नोंदवही, क्रमांक ४१७. वापर : शैक्षणिक.

•

मुलींच्या वसतिगृहाचा फलक : "अभ्यासिकेतील मोठी टेबले शनिवारी उपाहारगृहात हलविण्यात येतील. कोणाची हरकत असल्यास कळवावे." हरकत आली नाही.

•

एखादी गोष्ट अवघड जाते तेव्हा माणसाच्या डोळ्यातली बाहुली रुंदावते. अर्धा मिलिमीटर, बहुतेकदा त्याहूनही कमी.

•

केळीच्या पानावर पाणी का ठरत नाही, याची सहा हजार एकशे बारा स्पष्टीकरणं एका विद्यापीठाच्या संगणकात आहेत. त्यातलं कुठलंही स्पष्टीकरण दोन माणसांनी वाचलेलं नाही.

•

"हो, हो. समजलं ना."

निकाल : अनुत्तीर्ण.

•

रीत

तापी खोरे विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे एक बैठी इमारत आहे. पाटीवर 'अध्यापन, लेखन व अभ्यासक्रम साहाय्य केंद्र' असं लांबलचक नाव. बोलताना सगळे नुसतं 'केंद्र' म्हणतात. कुणा प्राध्यापकाला आपलं शिकवणं सुधारायचं असेल, कुणा विद्यार्थ्याला शोधनिबंध नीट लिहायचा असेल, एखादा विषय ऑनलाइन न्यायचा असेल, तर त्याने इथे यायचं. यामिनी फेगडे दोन हजार तेवीस साली इथे लागली तेव्हा केंद्रात नऊ माणसं होती, आठ खुर्च्या होत्या आणि जो उशिरा येईल तो खिडकीच्या कट्ट्यावर बसायचा.

केंद्राची एक रीत होती. नवा पाठ तयार झाला की तो आधी मोठ्याने वाचायचा. गुरुवारी, जेवणानंतर. ज्याने लिहिला तो प्राध्यापक वाचणार आणि समोर केंद्राचे शिपाई सुपडू नाना बसणार. नाना बारावीपर्यंत शिकलेले, अहिराणी घरातले, पाठाच्या विषयाशी काही संबंध नसलेले. एका हातात रिकामा पेला, दुसऱ्या हातात चमचा. जिथे समजलं नाही तिथे नाना पेल्यावर टक् करणार. टक् झालं की वाचणारा थांबणार आणि यामिनी समासात पेन्सिलीने 'ट' लिहिणार. मग त्या एका वाक्यावर सगळे तुटून पडायचे. वाक्य मोडायचं, उदाहरण बदलायचं, भांडायचं, पुन्हा वाचायचं. टक् नाही झालं की पुढे.

संख्याशास्त्राचे एक सर एकदा चौथ्या टक्‌ला वैतागले. "ह्यांना समजेपर्यंत थांबायचं तर माझी पेन्शन सुरू होईल!"

"होऊ द्या ना साहेब," नाना म्हणाले. "मी तोवर इथंच बसेल आहे."

कधी एखादी नवीन लागलेली बाई कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून वाचायला उभी राहायची. तिच्या पाठाला मात्र एकही टक् व्हायचं नाही. ती गेल्यावर यामिनी विचारायची, "काय नाना, आज सगळंच समजलं?"

"माले काहीच नही समजनं," नाना पेला विसळत म्हणायचे. "पन ती रडली असती."

यंत्र

चौतीस साली नाना निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वाटाड्या आला.

वाटाड्या ही एक संगणक प्रणाली. विद्यार्थी मोबाइलवर धडा वाचत असतो तेव्हा फोनचा समोरचा कॅमेरा त्याच्या डोळ्यांकडे बघत असतो. समजत असेल तर नजर ओळीवरून सरळ पुढे जाते. अडलं की ती मागे फिरते, पापणी लवायची थांबते, बाहुली किंचित रुंदावते. डोक्याला ताण पडला की बाहुली रुंदावते हे शास्त्रज्ञांना कित्येक दशकं माहीत होतं; पण ते मोजायला प्रयोगशाळा लागायची, हनुवटी टेकवायला टेकू लागायचा. आता उजेडामुळे होणारा फरक वजा करून साध्या फोनलाही ते दिसू लागलं. दिसलं की वाटाड्या पुढचं वाक्य तिथल्या तिथे बदलतो. दुसरं उदाहरण देतो, दोन पायऱ्यांच्या मध्ये तिसरी घालतो, पुस्तकी शब्द काढून, नजर कशावर रेंगाळते ते बघत, विद्यार्थ्याच्या घरातला शब्द ठेवतो. आपण अडलो होतो हे विद्यार्थ्याला कळतसुद्धा नाही.

पण माणूस साधारण कुठे अडतो हे वाटाड्याला पहिल्या दिवशी शिकवलं कुणी? सुपडू नानांनी. केंद्राच्या कपाटात अकरा वर्षांचे पाठ होते आणि त्यांच्या समासात दोन हजार आठशे चाळीस 'ट'. यामिनीने सहा महिने बसून ते सगळे संगणकात भरले. एक बारावी झालेला माणूस ज्या ज्या ठिकाणी अडला होता, ती ती जागा यंत्राने आधी पाठ केली आणि मग ते जगात उतरलं.

पहिल्याच वर्षी निकाल एकसष्टवरून ब्याऐंशी टक्क्यांवर गेला. तिसऱ्या वर्षी सत्त्याण्णव.

मग जे झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. एखादं उदाहरण तुम्हाला पटलं की वाटाड्या ते सोडत नाही. पुढची गोष्ट त्याच्यावर रचतो, तिसरी दुसरीवर. वर्षभरात तुमच्या विषयाचं एक घर उभं राहतं, आणि त्यातला जिना कुठे आहे ते फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. शेजारच्याला तोच विषय, तेवढेच गुण, पण घर निराळं. मुलं एकमेकांच्या वह्या मागेनाशी झाली, कारण मागून उपयोग नव्हता. झेरॉक्सवाल्याने दुकानात मोबाइलची कव्हरं ठेवली. उपाहारगृहात मुलं पूर्वीइतकीच बोलायची, अभ्यासाचं सोडून.

केंद्रातही नऊंची चार माणसं झाली, मग एक. यामिनी केंद्रप्रमुख झाली, म्हणजे उरली. खुर्च्या आठच्या आठ तिथेच होत्या.

आणि बटन. ते सांगायलाच हवं.

वाटाड्याच्या पडद्यावर सुरुवातीला उजवीकडे खाली एक छोटं बटन होतं : 'समजलं नाही'. छत्तीस साली यामिनीने आकडे काढले. लाखभर वाचनांत ते बटन एकोणीस वेळा दाबलं गेलं होतं. बोट पोचायच्या आत बाहुलीने सांगून टाकलेलं असायचं. वापरात नसलेली गोष्ट पडद्यावर ठेवू नये, हा अभ्यासक्रम रचणाऱ्याचा पहिला नियम. तिने दोन पानांचं टिपण लिहिलं, बटन निघालं. त्या टिपणाबद्दल तिला राज्यपातळीवरचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते भिंतीवर टांगायला खिळा ठोकून देणारंही तेव्हा केंद्रात कुणी नव्हतं. तिने ते कपाटाला टेकवून ठेवलं.

विद्यार्थी क्रमांक ३७-०८८१

सदतीस साली सुपडू नाना परत आले. बी.ए., भूगोल, प्रथम वर्ष.

"काय हो नाना, आता या वयात?"

"आता नाही तर कधी? सुमनबाई गेली तेव्हापासून घरात टीव्ही बोलतो नि मी ऐकतो. त्याच्यापेक्षा हे बरं." नानांनी खिशातून फोन काढून दाखवला. "हा तर डोळ्याकडे बघून बोलतो. सुमनबाई पन बघायची नाही इतकं."

दर गुरुवारी दुपारी ते केंद्रात यायचे आणि काय शिकलो ते सांगायचे. यामिनी त्यांच्यासाठी चहा ठेवायची. आठवड्यात तिच्याकडे मुद्दाम येणारा तेवढा एकच माणूस होता. पहिल्या वर्षी नाना नद्यांचं सांगायचे, वाऱ्यांचं सांगायचे, तिला कळायचं. दुसऱ्या वर्षी मधले मधले शब्द हुकायला लागले. तिसऱ्या वर्षी :

"आज काय शिकलात?"

"आज सोमवारच तुटला, मॅडम."

ती हसली. नाना हसले नाहीत.

"गोणपाटाला वरून सोमवारच मिळाला नाही तर खालची ताडपत्री काय कामाची? माणसं वरून भोकं पाडू राहिली नुसती."

तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. नाना भूजलाबद्दल बोलत होते. त्यांच्या घरी माठाला ओलं गोणपाट गुंडाळायचे आणि पाण्याचा टँकर सोमवारी यायचा, म्हणून गोणपाट सोमवारी भिजायचं. पहिल्या वर्षी वाटाड्याने तिथून सुरुवात केली होती. पाणी धरून ठेवणारा खडक म्हणजे गोणपाट. पाणी खाली जाऊ न देणारा थर म्हणजे ताडपत्री. जमिनीत मुरणारं पावसाचं पाणी म्हणजे सोमवार. त्यावर नानांनी सगळं भूजलशास्त्र चढवलं होतं, आणि चुकीचं काही नव्हतं. लेखी परीक्षेत त्यांना त्र्याहत्तर टक्के होते.

त्यानंतरच्या गुरुवारी नाना "काकूंची उलटी चाळण" असं काहीतरी म्हणाले. यामिनीला विचारायचा कंटाळा आला. "असं होय," ती म्हणाली आणि चहा गाळायला उठली.

समजावणी

पदवीच्या शेवटी एक तोंडी परीक्षा असायची, वाटाड्याच्या आधीपासूनची. तिचं नाव समजावणी. विद्यार्थ्याने आपल्या विषयातली एक गोष्ट दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याला पंधरा मिनिटांत समजावून सांगायची. मग परीक्षक ऐकणाऱ्याला विचारणार, आणि गुण सांगणाऱ्याला मिळणार. फोन बाहेर ठेवायचे. तीन संधी. चौथी नाही.

काही वर्षं कृपागुण देऊन निभावलं. चाळीस साली चारशे एकतीस जण बसले, अडतीस पास झाले. नाना दोनदा नापास झाले.

बुधवारी अधिष्ठाता बोंडे सरांनी यामिनीला बोलावलं. एक फाइल टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

"मॅडम, लेखीत सत्त्याण्णव टक्के पास होणारी मुलं तुमच्या त्या समजावणीत आडवी पडतात. दोष मुलांचा की परीक्षेचा?"

"ते बघावं लागेल, सर."

"बघा की. फक्त शुक्रवारी चारच्या आत बघा. शनिवारी विद्यापरिषद आहे. परीक्षा रद्द करावी अशी केंद्रप्रमुखांची शिफारस लागते. मजकूर टाइप करून ठेवलाय, तुमची सही तेवढी बाकी." सरांनी चष्मा काढला. "ह्याच वर्षीपासून लागू होईल. तुमचे नानाही तरून जातील. दोनदा गेलेत ना?"

"उद्या तिसरी आहे त्यांची."

"मग सोन्याहून पिवळं! सही करा, म्हणजे उद्या काही का होईना."

ती केंद्रात पोचते तर नाना पायरीवर बसलेले. विद्यापीठात बातमी माणसाच्या आधी पोचते.

"साहेबांनी कागद दिला म्हने."

"दिलाय."

"करून टाका सही."

"नाना, उद्या परीक्षा आहे. आपण तयारी केलीय. सोमवार म्हणायचं नाही, पाऊस म्हणायचं. गोणपाट नाही, खडक."

"ते पाठ केलं मी. पन पाऊस म्हटलं की पुढचं आठवत नाही. पुढचं सगळं सोमवारावर उभं आहे." नानांनी मान वर केली. "मॅडम, तुम्हाला आठवतं? नवीन कोनी सर आले की माझी ओळख कशी करून द्यायचे? 'हे आमचे सुपडू नाना. ह्यांना समजलं म्हणजे कुणालाही समजेल.' सगळे हसायचे. तुम्ही पन हसल्या. मी पन हसलो."

यामिनी फाइलची नाडी सोडत-बांधत राहिली.

"अकरा वर्षं मी तिथं खुर्चीत अडानी म्हनून बसलो. आता मला एक कागद पाहिजे. हा मानूस अडानी नाही, असं त्याच्यावर लिहिलेलं पाहिजे. बाकी मला नोकरी करायची नाही की काही नाही."

"बघते, नाना."

"बघू नका. करा."

खोली क्रमांक सहा, गुरुवार

*मिनिट १.* परीक्षक बाहेरगावचे, अबोल. कोपऱ्यात निरीक्षक म्हणून यामिनी. नानांच्या समोर सेजल पाडवी, तळोद्याकडची मुलगी, वाणिज्य शाखा, तिसरं वर्ष. पाठ ताठ, हात मांडीवर. नाना इस्त्रीचा सदरा घालून आलेत.

*मिनिट ३.* "तर बेटा, पाऊस पडतो. तो खाली जातो. खाली खडक असतो, पन खडक म्हणजे दगड नाही, त्याच्यात बारीक बारीक जागा असतात." छान चाललंय.

*मिनिट ५.* "मग तो पाऊस..." नाना अडतात. "पाऊस खालून..." डोळे मिटतात. "सोमवार कमी पडला की गोणपाट खालून सुटतं." म्हणून टाकलं. यामिनी पेनाचं टोपण घट्ट दाबते.

*मिनिट ६.* नाना थांबलेत. सेजलकडे बघताहेत. असं थांबणं त्यांना चांगलं माहीत आहे. आता समोरच्याने अडवायचं असतं. सेजल मान डोलावते. "समजलं का?" "हो, हो. समजलं ना." नाना बिचारे सुटल्यासारखे हसतात आणि पुढे जातात.

*मिनिट ९.* सेजलवर खिडकीतला उजेड आलाय. उजेडात बाहुल्या बारीक व्हायला हव्यात. त्या रुंद आहेत, इतक्या की यामिनीला कोपऱ्यातून दिसतात. ही मुलगी पाचव्या मिनिटापासून हरवली आहे. तरी चेहऱ्यावर ना संकोच ना घाई. ती नुसती नानांच्या तोंडाकडे टक लावून बसली आहे. वाट बघते आहे.

*मिनिट १२.* मान डोलावते.

*मिनिट १४.* मान डोलावते.

*मिनिट १५.* परीक्षक : "सांगा, जमिनीखाली पाणी कुठे साठतं?"

सेजल आधी नानांकडे बघते.

"गोणपाटात," सेजल म्हणते.

परीक्षक लिहितात.

बाहेर व्हरांड्यात यामिनीने सेजलला गाठलं. मुलगी रडकुंडीला आली होती.

"तुला पहिल्यापासून कळलं नव्हतं ना?"

"नाही, मॅडम."

"मग तू हो का म्हणालीस? थांबवून विचारलं का नाहीस?"

सेजलने तिच्याकडे असं पाहिलं, जणू यामिनीनेच काही चुकीचं विचारलं होतं.

"विचारायचं असतं?" ती म्हणाली. "मी थांबले होते, मॅडम. त्यांच्याकडे नीट बघत होते, डोळे पण हलवले नाहीत. मला वाटलं, ते बदलतील."

स्वाध्याय

(१) एका परीक्षेत मुलं नापास होतात. त्यांना समजावता येत नाही म्हणून नव्हे, तर ऐकणाऱ्याला 'समजलं नाही' म्हणता येत नाही म्हणून. ते म्हणायची सवय त्यांच्याकडून कुणी काढून घेतली? एका वाक्यात उत्तर लिहा.

(२) ती परीक्षा रद्द केल्यास काय हरवलं आहे हे कळण्याची जागा उरेल का?

(३) परीक्षा ठेवल्यास एका सहासष्ट वर्षांच्या माणसाला, त्याचा काही दोष नसताना,

तिसरा प्रश्न यामिनीने अर्धाच लिहिला. शुक्रवारी सकाळपासून ती फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहीत बसली होती. आयुष्यभर तिने असे प्रश्न इतरांसाठी बनवले होते आणि शेवटी उत्तरसूची जोडली होती.

दुपारी तिने नानांपुरता काही मार्ग निघतो का म्हणून परीक्षा विभागात फोन केला. चौथी संधी? नियमात नाही. विशेष बाब? परीक्षा असेपर्यंत नाही. परीक्षाच नसेल तर प्रश्नच नाही. फोनवरचा माणूस सभ्य होता. "अजून काही शंका, मॅडम?" असं दोनदा म्हणाला.

पावणेचारला तिने छापील मजकुरावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : शिफारस नाही. त्याखाली अर्धं पान कारण लिहिलं. बटनाचंही लिहिलं, ते आपणच काढलं हेही लिहिलं, आणि ते परत बसवावं असं लिहून सही केली.

बोंडे सरांनी उभ्या उभ्या वाचलं. एकदा वरून खाली, मग पुन्हा मधूनच.

"असं होय," ते म्हणाले. "समजलं."

ती उभीच राहिली. सरांनी फाइल बंद केली आणि ट्रेमध्ये टाकली. त्यांना काहीच विचारायचं नव्हतं.

नाना केंद्रात तिची वाट बघत होते. तिने कुठलीही प्रस्तावना न करता सांगितलं, कारण प्रस्तावनेने नानांना नेहमी वैताग यायचा.

"तुम्ही सही नाही केली."

"नाही."

"मी वाईट सांगितलं का काल?"

"नाही, नाना. दोष तुमचा नव्हता. त्या मुलीने विचारायला हवं होतं. तिला ते येतच नाही. आता कुणालाच येत नाही. त्यांच्या हातातून ते मी काढून घेतलं, बटनाबरोबर."

"मग नापास मी का?"

तिच्याकडे उत्तर तयार होतं, पण ते आता तोंडातून काढताना जड गेलं. "ही परीक्षा गेली, तर काही गेलंय हेसुद्धा कुणाला कळणार नाही. ते दिसायची एवढी एकच जागा उरलीय. ती माझ्या हाताने मी बंद करू शकत नाही."

नाना तिच्याकडे बघत राहिले. अकरा वर्षं ते असेच बघायचे, वाक्य संपायच्या आत, डोकं किंचित कलतं करून.

"हे समजलं," ते म्हणाले. "हे मला एका दमात समजलं, मॅडम. तुम्ही चांगलं सांगितलं."

त्यांनी चपला घातल्या. पायरी उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही. फाटकापर्यंत गेले, शेताच्या बाजूला वळले आणि दिसेनासे झाले.

पुढचे गुरुवार

पहिल्या गुरुवारी तिने दोघांचा चहा टाकला. सवयीने. दुसऱ्या गुरुवारी लक्षात ठेवून एकाचा टाकला, तर तो फारच थोडा दिसायला लागला.

परीक्षा राहिली. विद्यापरिषदेत एका ओळीची नोंद झाली. बटनाबद्दल 'यथावकाश विचार व्हावा' असं ठरलं. नापास मुलांनी एक दिवस घोषणा दिल्या, घोषणेत यामिनीचं नाव नीट बसत नव्हतं म्हणून मग नुसतं 'केंद्र मुर्दाबाद' झालं. ती खिडकीत उभी राहून ऐकत होती. केंद्र म्हणजे तीच होती.

तिसऱ्या आठवड्यात तिने नानांना फोन लावला. आठव्या घंटीला उचलला.

"नाना, मी यामिनी. तुमचा अभ्यासक्रम मला वाचायला द्याल? तिन्ही वर्षांचा. तुमच्या संमतीशिवाय उघडत नाही तो."

पलीकडे टीव्ही चालू होता. कुठल्यातरी मालिकेत कुणीतरी कुणालातरी घराबाहेर काढत होतं.

"घ्या," नाना म्हणाले. "मला काय करायचा आता."

फोन ठेवला. पाच मिनिटांनी संमती आली.

एक हजार नऊशे चौदा पानं. जगात हे पुस्तक फक्त एका माणसाने वाचलेलं होतं. यामिनीने पहिलं पान उघडलं. तिसऱ्या ओळीला ती अडली. लगेच पडद्याच्या खाली अक्षरं उमटली : तुमच्यासाठी सोपं करू का?

तिने 'नाही' निवडलं. पुढच्या परिच्छेदाला पुन्हा तेच. नाही. वाटाड्याला नकाराची सवय नव्हती. दर अर्ध्या पानाला तो नम्रपणे विचारत राहिला. शेवटी ती सेटिंगमध्ये गेली आणि लिहिलं : ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यासाठी होतं तसंच ठेव. माझ्याकडे बघू नको. आणि कॅमेऱ्यावर कागदाची चिकटपट्टी लावली.

दिवसाला पाच पानं व्हायची, कधी दोन. नानांचं लहानपण त्यात होतं. त्यांच्या सासुरवाडीची विहीर होती, सुमनबाईंचं दुखणं होतं, केळीचे घड मोजायची त्यांची जुनी पद्धत होती, आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी भूगोल होता. ज्या गोष्टी नाना सतरा वर्षांत तिच्याशी बोलले नव्हते त्या त्यांनी डोळ्यांनी यंत्राला सांगितल्या होत्या. तिला बऱ्याचशा पायऱ्या चढता यायच्या नाहीत. ती तिथेच बसून राहायची. एखादं पान तीन-तीनदा वाचायची आणि तरी नाहीच.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात ती एकशे त्रेचाळिसाव्या पानावर होती. त्यात एक आकृती होती : एका बाईचा हात, हातात चाळणीसारखं काहीतरी गोल, वरून खाली जाणारे सात बाण. खाली लिहिलं होतं, 'म्हणूनच, तुम्हाला आठवत असेलच, वारा उलटा फिरतो.' तिला काहीही आठवत नव्हतं. आधीची सगळी पानं पालथी घातली, सापडलं नाही. जगात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता.

तिने फोन लावला. वाजत राहिला. तिने ठेवला, पुन्हा लावला, आणि वाजू दिला.

सुपडू नानांनी प्रवेशअर्ज भरला तो अकरा जून दोन हजार सदतीस रोजी. त्या वर्षीच्या अर्जात 'आपल्याबरोबर शिकणारे कोणी असल्यास नाव लिहावे' असा एक रकाना होता. वाटाड्याला त्याचा उपयोग नसल्याने पुढच्या वर्षी तो वगळण्यात आला. नानांनी लिहिलं होतं : यामिनी मॅडम. त्या नसतील तर कोणीही.